आधी धाप, मग पाणी, मग भात

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी वाघोलीत राहतो, एका सिक्युरिटी एजन्सीत डॉग हँडलर आहे. माझ्याकडे मैना नावाची लॅब्रॅडॉर आहे. वय चार वर्षं, वजन 27 किलो. नगर रस्त्यावरचा मॉल आणि आयटी कंपन्या इथे गाड्या आणि सामान हुंगायची आमची ड्युटी असते. रोज पहाटे साडेपाच ते सात ग्राउंडवर सराव : पळणं, अडथळे, चेंडू. सव्वासातला केनेलवर आलो की तिचं दिवसभराचं जेवण एकदमच देतो. किलोभर शिजलेला भात आणि त्यात पाव किलो चिकन. कधी फूड कोर्टातली उरलेली बिर्याणी येते, तीही घालतो. दोन मिनिटांत सगळं फस्त करते आणि आठवड्यातून दोन-तीनदा ओकते. आठला व्हॅन निघते. अकरानंतर ती कामात ढिली पडते. आमचे सिनियर म्हणतात, दमलेल्या कुत्र्याला पाणी पाजू नको, पोट फुगतं. ग्लुकोज, ओआरएस दे, तूप-गूळ चालू कर, अंग दुखत असेल तर माणसाची गोळी अर्धी करून दे. मागच्या महिन्यात चेंडूच्या सरावात तिचे मागचे पाय लटपटले होते, पण वीस मिनिटांत उठून नीट चालायला लागली. उन्हामुळे असेल. तर सरावानंतर किती वेळाने आणि काय खायला द्यावं, ते सांगा.
— एक हँडलर, वाघोली

उत्तर

नमस्कार. तुम्ही विचारलंय जेवणाबद्दल, पण पत्राच्या शेवटी जे जाता जाता लिहिलंय ते मला आधी घ्यायचं आहे. मागचे पाय लटपटले, वीस मिनिटांत ठीक झाली, उन्हामुळे असेल. अहो, तुमचा सराव सातला संपतो. त्या वेळी कसलं ऊन?

काही लॅब्रॅडॉरमध्ये एक आनुवंशिक दोष असतो. कुत्रं एरवी ठणठणीत दिसतं, पण पाच ते पंधरा मिनिटं जोरात आणि उत्साहाच्या भरात पळालं की मागचे पाय फरफटायला लागतात. शुद्ध जात नाही. बरीचशी तर त्या अवस्थेतही चेंडूमागे जायला बघतात. थांबवलं की अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उभी राहतात, म्हणून घरचे लोक ते विसरून जातात. नाही थांबवलं, तर क्वचित कुत्रं जागेवर दगावतं. हा दोष ज्या जनुकामुळे होतो तो 2008 साली सापडला, आणि रक्ताच्या किंवा गालाच्या आतल्या नमुन्यावरून त्याची चाचणी करता येते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तो सदोष जनुक आला असेल तरच त्रास होतो. चेंडूच्या सरावातच पाय गेले, हे तुमचं वर्णन त्याच्याशी बरंच जुळतं. साधं पळताना असं न होणारी कुत्रीसुद्धा चेंडू फेकला की पडतात, कारण चेंडूत दमणुकीच्या जोडीला उतावीळपणा असतो.

पण तेवढ्यावर शिक्का मारू नका. आपल्याकडे दुसरा संशयित कायम दारात उभा असतो, तो म्हणजे गोचीड ताप. गोचिडींतून येणारे जंतू रक्तातल्या पेशींवर घाला घालतात. कुत्रं खातंपितं दिसतं, पण कामाला लवकर दमतं, हिरड्या फिक्या पडतात. अकरानंतर ढिली पडणं यातूनही येऊ शकतं. शिवाय हृदय आहे, कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे आहेत. तेव्हा या आठवड्यात तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या आणि लटपटल्याची हकिगत त्यांना जशीच्या तशी सांगा. तोवर चेंडू बंद, अडथळे बंद. हुंगण्याचं काम आणि दोरीवरचं चालणं चालेल. पुन्हा पाय लटपटले तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण तो आधी तिला सावलीत आडवं करून मग. डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगतो.

आता जेवणाकडे येते. माझं म्हणणं एवढंच आहे की मैनाच्या जेवणात जी गडबड आहे ती आधी क्रमाची आहे, मग पदार्थांची.

सराव संपला त्या क्षणी तिच्या शरीराचं सगळं लक्ष उष्णता बाहेर टाकण्यावर असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, बाकी सगळी मदार धापेवर. एरवी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. जोरदार सरावानंतर ते 104-105 वर गेलं तरी धडधाकट कुत्र्याला लगेच काही होत नाही. पण एक गोष्ट हँडलर मंडळींना सहसा माहीत नसते : थांबल्यानंतरही पहिली काही मिनिटं तापमान चढतच राहतं. म्हणजे सराव संपवून तुम्ही लगेच तिला पिंजऱ्यात घातलं, तर सगळ्यात तापलेली ती पिंजऱ्यात असते आणि तुमची पाठ वळलेली असते.

म्हणून सराव सातऐवजी पावणेसातला थांबवा आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं तिला दोरीवर, सावलीत, संथ चालवा. या वेळात तिची जीभ बघत जा. जीभ पुढे फावड्यासारखी रुंद होऊन कडा वर वळल्या असतील, डोळे बारीक झाले असतील, ती सावली शोधत असेल, तर ती अजून तापलेली आहे. तोंड मिटून, मध्येच पुन्हा थोडी धाप, असं व्हायला लागलं की निवतेय. घाईच्या दिवशी अंदाजावर राहू नका. माणसांचा साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन लावून, गुदद्वारात. मैनासाठी तो वेगळा ठेवा आणि त्यावर मार्करने तिचं नाव घाला, नाहीतर ऑफिसात कोणाला ताप आला की तोच काढला जाईल.

पुण्यात लोक एप्रिलच्या चाळिशीला घाबरतात आणि जूनला निवांत होतात. कुत्र्याच्या बाबतीत मला जूनची भीती जास्त. धापेतून ओलावा उडाला तर अंग निवतं, आणि पावसाच्या तोंडावरच्या दमट, कोंडलेल्या हवेत तो नीट उडतच नाही. ज्या दिवशी तुमचा शर्ट नुसता उभं राहून अंगाला चिकटतो, त्या दिवशी सराव अर्धा करा.

यदाकदाचित ऊन किंवा दमणूक खरोखर बाधली, म्हणजे ती झोकांड्या खातेय, हिरड्या विटकरी लाल झाल्यात, उलटी-जुलाब होताहेत, हाक मारली तर ओळख देत नाही, तर गाडी काढण्याआधी पाण्याचा नळ. सगळं अंग भिजवा, पोट आणि जांघा विशेष, पंखा किंवा वारा लागू द्या, आणि मग दवाखाना. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. थंड पाण्याने झटका येतो हा समज आता मागे पडला आहे. तरण्या, एरवी निरोगी कुत्र्याला थंड पाणी ओतायला घाबरायचं कारण नाही. तापमान 103 च्या आसपास उतरलं की मात्र ओतणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं.

पाण्याबद्दल तुमचे सिनियर सरळ चुकतायत. अनुभवी माणसं आहेत, त्यांचा मान ठेवा, पण हे ऐकू नका. दमलेल्या कुत्र्याचं पाणी तोडणं म्हणजे धाप चालू ठेवायला लागणारा कच्चा मालच काढून घेणं. त्यांच्या बोलण्यामागे थोडं तथ्य आहे ते असं : बादलीत तोंड घालून, हवा गिळत, ती एका दमात लिटरभर प्यायली तर पोट ताणलं जातं आणि सगळं उलटून पडतं. त्याला उपाय पाणी बंद करणं नाही, पाणी वाटून देणं. चालवताना दर तीन-चार मिनिटांनी एक पेलाभर, पसरट भांड्यात. धाप बसली की हवं तेवढं. 27 किलोच्या कुत्रीला साध्या दिवशी दीड लिटरच्या आसपास पाणी लागतं, सरावाच्या आणि उन्हाच्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत किंवा वरही. व्हॅनमध्ये तिचं वेगळं पाणी हवंच. काही कुत्री परक्या जागी पाण्याला तोंड लावत नाहीत. त्यांच्या पाण्यात चिकन उकडलेलं पाणी दोन चमचे टाकलं की वासाने पितात. मात्र त्यात कांदा, लसूण, मीठ-मसाला काही नको.

ओआरएस रोज नको. आपण घामातून मीठ गमावतो, कुत्रं धापेतून मुख्यतः पाणी गमावतं, त्यामुळे रोजच्या सरावाला पुडी फोडायची गरज नसते. जुलाब झाले तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना विचारून. आणि 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या कुठल्याही पेयात किंवा गोळीत झायलिटॉल असू शकतं. ते कुत्र्याला विष आहे.

आता उलटीचं. सव्वासातला, धाप पुरती बसायच्या आत, तुम्ही तिच्यापुढे सव्वा किलोचा ऐवज ठेवता. रक्त अजून पायांत आणि जिभेत आहे, पोटाकडे वळलेलंच नाही. त्यात ती लॅब्रॅडॉर, म्हणजे भुकेच्या बाबतीत अक्कल गहाण ठेवलेली जात. ओकेल नाहीतर काय करेल? उलटी होते तोवर नशीब म्हणायचं. खरं भय पोटाला पीळ बसण्याचं. जठर वाऱ्याने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. खोल छातीच्या कुत्र्यांत, म्हणजे जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन यांच्यात हे जास्त. लॅब्रॅडॉर त्या यादीत वर नाही, पण बाहेरही नाही. दिवसातून एकदाच मोठं जेवण आणि भराभर खाणं या दोन्ही गोष्टी हा धोका वाढवतात, आणि मैनाकडे त्या दोन्ही आहेत. पोट ढोलासारखं टणक, ओकायला जाते पण नुसती लाळ येते, अस्वस्थ फेऱ्या मारते, असं दिसलं तर 'बघू संध्याकाळपर्यंत' करू नका. ते ऑपरेशनचं काम असतं आणि तास मोजून करायचं असतं.

तेव्हा तिचं जेवण तीन ठिकाणी वाटा. पहिला वाटा साडेसातच्या सुमाराला, धाप पूर्ण बसल्यावर : एक वाटी मऊ भात, चिकनच्या पाण्यात कालवलेला, वर चिकनचे चार तुकडे. बस. हा वाटा छोटा असला तरी त्याला कारण आहे. पळताना स्नायूंतला साखरेचा साठा खर्च होतो आणि व्यायामानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत स्नायू तो भरून घ्यायला सगळ्यात तयार असतात. स्लेड, म्हणजे बर्फावरून घसरणारी गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं व्यायामानंतर लगेच दिली आणि साठा लवकर भरला. मैनाच्या हिशेबात ते झाले चाळीस ग्रॅम, म्हणजे तीच वाटीभर भाताची किंमत. ग्लुकोजच्या डब्याला वेगळे पैसे घालायची गरज नाही. सरावाच्या आधी तर ग्लुकोज नकोच.

दुसरा वाटा दुपारच्या सुटीत, एक तृतीयांश, आणि त्यानंतर तासभर तिला आडवं होऊ द्या. उरलेलं सगळं संध्याकाळी, ड्युटी संपवून ती शांत झाल्यावर. पहाटे सरावाआधी पोट रिकामंच असू द्या, फक्त पाणी. कुत्र्याचं शरीर लांब पल्ल्याच्या कामाला चरबी जाळून चालतं, रात्रीच्या जेवणावर ते सकाळचा सराव आरामात काढतं. दुपारचं आणि संध्याकाळचं जेवण मोठ्या परातीत पातळ पसरून द्या. दोन मिनिटांचं खाणं आपोआप सात-आठ मिनिटांवर जातं.

पदार्थांचा हिशेब मी करून पाहिला. 27 किलोच्या कुत्रीला नुसत्या विश्रांतीत दिवसाला साधारण 830 किलोकॅलरी लागतात, तुमच्यासारखं काम असेल तर त्याच्या दुप्पट, सोळाशेच्या घरात. तुमचा भात तेराशे देतो आणि चिकन साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे पोट भरतंय, कॅलरीही पुरतात. कमी पडतात ती प्रथिनं. एकूण ऊर्जेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा त्यांच्यातून येते. राबणाऱ्या कुत्र्याला ती चौथ्या हिश्श्याच्या पुढे हवी. स्लेडच्या कुत्र्यांतच दिसून आलंय की सगळ्यात कमी प्रथिनं मिळणाऱ्या गटात दुखापती जास्त होतात. भात किलोवरून सहाशे ग्रॅमवर आणा, बिनहाडाचं चिकन चारशे ग्रॅम करा, दोन उकडलेली अंडी आणि दोन चमचे तेल किंवा तूप घाला, थोडा लाल भोपळा किंवा दुधी. कॅलरी तेवढ्याच राहतात, प्रथिनं सव्वीस टक्क्यांवर जातात. तूप म्हणून सिनियरांचं अगदीच चूक नाही, पण एकदम वाटीभर ओतलं तर जुलाब किंवा स्वादुपिंडाला सूज. अर्ध्या चमच्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा. गुळाने बिघडत काही नाही, साधतही काही नाही.

भात आणि मांस यांत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. ते पावडरीतून किती द्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, जास्त झालेलंही बाधतं. शिजवलेलं हाड त्यासाठी चुकूनही नको, त्याच्या चिरफळ्या आतड्यात घुसतात. हे सगळं रोज रांधणं केनेलवर जमणार नसेल, तर कामाच्या कुत्र्यांसाठीचं चांगलं पॅकेटबंद खाणं, प्रथिनं 26 टक्क्यांच्या आणि चरबी 15 टक्क्यांच्या वर, हा सरळ मार्ग आहे. आठ-दहा दिवसांत जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला.

बिर्याणी आजपासून बंद. मसाला सोडा, त्यातला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तळलेला असो की शिजलेला, काही फरक पडत नाही. थोडा थोडा वरचेवर गेला तरी परिणाम साठत जातो. गोचीड तापाचा संशय असलेल्या कुत्रीला तर तो नकोच नको. रक्त तपासताना डॉक्टरांना बिर्याणीचंही सांगा, लाजू नका.

माणसाची गोळी : नाही. पाव नाही, अर्धी नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि पाणी कमी पडलेल्या दमल्या कुत्र्यात हे आणखी लवकर होतं. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने द्यायचं औषध नाही. दुखतंय असं वाटलं तर विश्रांती आणि तपासणी. मांड्यांना हलक्या हाताने चोळायला हरकत नाही. तिला आवडत असेल तर चोळा. तेल नको, ती चाटून काढेल. सरावानंतर लघवीचा रंग मात्र बघत जा. काळ्या चहासारखी गडद झाली तर स्नायू फुटलेत असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चालवून झाल्यावर पंजे उलटून बघायची सवय लावून घ्या. पावसाळा सरला की आपल्याकडच्या माळावर आणि टेकड्यांवर कुसळी गवत पिकतं. ती कुसळं बोटांच्या बेचक्यात शिरतात, कानात जातात, आणि हुंगणाऱ्या कुत्र्याच्या तर नाकातच. एकाएकी एका नाकपुडीतून शिंका आणि रक्त आलं तर सर्दी समजू नका.

राहिला प्रश्न हे वरच्यांच्या गळी उतरवायचा. चिकन वाढलं, अंडी आली, सराव पंधरा मिनिटांनी कमी झाला, तर 'कुत्र्याचे लाड' म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी दयामायेवर वाद घालू नका. धापा टाकणारं कुत्रं तोंडाने हवा ओढत असतं, त्याला नीट हुंगता येत नाही. अकरानंतर मैना ढिली म्हणजे अकरानंतर त्या गेटवर नुसती साखळी उभी आहे, आणि एजन्सी क्लायंटकडून पैसे घेते ते नाकाचे. हे त्यांना बरोबर कळतं. दोन आठवडे एका वहीत रोज लिहा : सराव कधी संपला, धाप बसायला किती मिनिटं लागली, तापमान, उलटी झाली का, अकरानंतर काम कसं केलं. नवा क्रम सुरू करायच्या आधीचे तीन-चार दिवसही त्यात असू द्या, म्हणजे फरक कागदावर दिसेल. दवाखान्यात जाताना तीच वही बरोबर न्या. आणि रक्ताचा रिपोर्ट आला की प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिनचे आकडे मला कळवा, चेंडू पुन्हा कधी आणि किती, ते त्यावरून ठरवू.